आठ सोडले, आठ पोचले

१

सकाळी साडेसहाला मावशी मुक्कामाचं दार उघडायची आणि बाहेर पडणारी डोकी मोजायची. दाराशेजारी छोटा काळा फळा होता. शेवटचं डोकं वळणापलीकडे गेलं की फळ्यावर खडूने आकडा टाकायचा, आत येऊन फोन उचलायचा आणि पुढच्या मुक्कामाला कळवायचं, "मास्तर, सात सोडले." चहा त्यानंतर. अगोदरची वीस वर्षं ती एका वसतिगृहाची मेट्रन होती. त्यामुळे माणसं दिसली की मोजायची, ही सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली होती.

ही यात्रा एकोणीस दिवसांची, सगळी पायी. डोंगरातून निघून समुद्राकाठच्या जुन्या देवळापर्यंत. दर पंधरा-सोळा किलोमीटरवर एक मुक्काम, म्हणजे खाटा, गरम पाणी आणि दाराशी बूट ठेवायची लाकडी मांडणी. बूट घालून आत जायचं नाही, मग पाऊस असो की बर्फ. वाटेचा आणखी एक जुना नियम होता. पहिल्या मुक्कामावर आपलं नाव वहीत लिहायचं आणि तिथेच सोडून निघायचं. वही पुढे देवळात पोचायची, आणि नाव परत उचलायचं शेवटी, देवळाच्या पायरीवर. मधले दिवस माणसाला नाव नाही. कुणी 'खोकलेवाले काका' होतं, कुणी 'लाल मफलर'. मावशी सगळ्यांची मावशी होती, वयाने मोठ्या असलेल्यांचीसुद्धा.

नियम छान होता. दोन वर्षांपूर्वी त्याच नियमाने घात केला.

मावशीच्या मुक्कामावरून एक बाई धुक्यात एकटी निघाली आणि पुढच्या मुक्कामाला पोचलीच नाही. तिची नाडी तुटली होती म्हणून मावशीने आपल्या डब्यातली निळी नाडी काढून दिली होती. एका बुटात पांढरी, एकात निळी. मावशीला ती नाडी लख्ख आठवत होती, पण बाईचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता. संध्याकाळी चौकशी करावी असं तिच्या मनात आलं होतं. पण पाय दुखत होते, पाणी तापत होतं, आणि ती स्वतःशीच म्हणाली होती, 'गेली असेल पुढे.' मास्तरांनी तिच्याबद्दल इतरांकडून ऐकलं होतं, पण त्यांना वाटलं, मागेच राहिली असेल. त्यानंतर बाराव्या दिवशी देवळात एक नाव शिल्लक राहिलं, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. वाटेतल्या जुन्या दगडखाणीच्या काठावर तिची काठी सापडली. बाकी काही नाही.

मग वरातीमागून घोडं आलं. दारावर पाटी लागली: एकट्याने चालू नका, अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नका, खाणीपाशी रेंगाळू नका. आणि मावशीने व मास्तरांनी आपसात फोनची पद्धत ठरवली. सकाळी 'किती सोडले', दुपारी चारला 'किती पोचले'. दोन वर्षांत एकदाही आकडा चुकला नव्हता.

२

चुकला तो मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी.

"मावशीबाई, आठ पोचले," मास्तर म्हणाले.

"सात सोडलेत मी."

"आठ आहेत."

"मास्तर, चष्मा पुसा."

मास्तर म्हणजे तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फोन तसाच ठेवून ते मोजून आले. मांडणीवर बुटांच्या आठ जोड्या होत्या. त्यांनी माणसंही मोजली, तीही आठ.

"असेल कुणी मधूनच वाटेला लागलेलं," मावशी म्हणाली.

"मधून लागायला तिथे आहे काय? ना रस्ता, ना वस्ती. एक खाण आहे."

बुधवारी मावशीने नऊ सोडले, दहा पोचले. गुरुवारी सहा सोडले, सात पोचले. मास्तरांच्या पुढचे मुक्कामवाले काही मोजत नसत, त्यामुळे त्या जास्तीच्याचं पुढे काय होतं हे कळायला मार्ग नव्हता.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. पण भीतीपेक्षा तिला उत्सुकताच जास्त वाटत होती. शेजारणीच्या घरी पाहुणा आला तर तो किती दिवस राहणार हे त्याच्या पिशवीवरून ओळखणारी बाई ती. तिला हा एक जण कोण, हे कळलंच पाहिजे होतं.

"मास्तर, सोपं आहे. एकेकाला विचारा, कुठून आलात?"

"विचारलं. सगळे म्हणतात, मावशींच्या मुक्कामावरून."

"तोंडं बघा मग."

"बघितली. ज्याच्याकडे बघावं तो तुमच्याकडूनच आलेला वाटतो हो." मास्तरांनी आवाज खाली आणला. "आणि मोजायला लागलो की एक जण नेमका पाठमोरा असतो."

३

शुक्रवारी फौजदार मोटरसायकलवरून आले. त्या पट्ट्यात यात्रेकरूंच्या पिशव्या हिसकावण्याचे दोन प्रकार झाले होते. कुणीतरी हेल्मेट घालूनच मागून येतो, म्हणून चेहरा कुणी पाहिला नव्हता. फौजदारांनी तशी सूचना भिंतीवर चिकटवली. मावशीने त्यांना चहा दिला आणि जास्तीच्या माणसाची गोष्ट सांगितली.

"हाच तर नसेल तो? दिवसा वाटेवर लुटायचं आणि यात्रेकरू होऊन फुकट झोपायचं!"

फौजदारांनी चहात बिस्किट बुडवलं. ते फार वेळ बुडालं आणि तुटलं. "मावशी, एक जास्त आला यात तक्रार कसली लिहू? कमी आला की सांगा."

मावशीला राग आला. राग आला की ती कामाला लागायची. त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना तिने मांडणीवरचा एकेक बूट उलटा केला आणि टाचेखाली खडूने बरोबरची खूण केली. ती डावखुरी होती, त्यामुळे तिच्या खुणेचं शेपूट उलट्या बाजूला जायचं. तशी खूण दुसऱ्या कुणाची व्हायची नाही. पाच जोड्या, पाच खुणा. ज्या जोडीवर खूण नसेल तो चोर.

शनिवारी चार वाजायच्या आधीच तिने फोन लावला.

"सहा आले," मास्तर म्हणाले.

"बूट उलटे करून बघा."

पलीकडे बराच वेळ लागला. एकेक बूट लाकडावर ठेवल्याचा आवाज तिला ऐकू येत होता. मास्तर परत आले.

"सहाच्या सहांवर खूण आहे, मावशीबाई."

"सोळा किलोमीटर चालून एकाचीही पुसली नाही?"

"पाचांची पुसट झालीय," मास्तर म्हणाले. "एकाची अगदी ताजी आहे. आत्ताच केल्यासारखी. आणि शेपूट उलटं."

मावशीने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. बोटांना खडू लागलेला होता. सकाळी फळ्यावर लिहिलं तेव्हाचा असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि हात धुऊन टाकला.

४

माणसाला कशाचीही सवय होते. रविवारी मावशी म्हणाली, "हे बघा मास्तर, रोज रोज तेच डोकं कशाला पिकवायचं? कुणाचं काही गेलेलं नाही. तुम्ही आपले एक वजा करून सांगत जा. पाहुणा समजू."

मास्तरांना ते पटलं. वजाबाकी आली की त्यांना बरं वाटायचं. त्या दिवसापासून ते सांगू लागले, "पाच वजा पाहुणा, चार. बरोबर." दोघंही हसत, आणि मग फोन ठेवायची घाई करत.

सोमवारी दुपारी मावशीची भाची आली.

मोसमातली शेवटची आठ माणसं त्या दिवशी मुक्कामाला होती. त्यांच्यामागे कुणी नव्हतं, ती गेली की मुक्काम बंद व्हायचा होता. सात जण तीनपर्यंत पोचले. आठवी साडेपाचला उगवली, स्वतःपेक्षा मोठी पिशवी पाठीवर घेऊन. वाटेवर तिला सगळे 'गोगलगाय' म्हणत.

"माऊ!" दारातूनच तिने आरोळी ठोकली.

जगातल्या सगळ्यांसाठी ती मावशी होती. फक्त या पोरीसाठी माऊ होती, ती दीड वर्षांची असल्यापासून.

"अगं, एवढं काय भरलंयस? घर उचलून आणलंस का?"

"आईने दिलंय सगळं. दोन ब्लँकेटं, अर्धा दवाखाना आणि एक शिट्टी. शिट्टी तेवढी हरवली."

बहिणीने फोनवर दहादा बजावलं होतं, 'तुझ्या भरवशावर सोडतेय हं, मधला तो तुकडा तूच सांभाळ.' मावशीला मूल नव्हतं. या पोरीची पहिली पावलं तिच्याच अंगणात पडली होती. तिने भाचीचे पाय गरम पाण्यात सोडले, फोड बघितले आणि हेल्मेटवाल्याबद्दल सगळं सांगितलं. पाहुण्याबद्दल काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होती?

"तू लाल मफलरच्या जोडीनं चालायचं. तिचा हात सोडायचा नाही."

"माऊ, ती हरणासारखी चालते."

"मग तूही चाल. एक दिवस गोगलगाय नाही झालीस तर काही बिघडत नाही."

झोपायच्या आधी तिने पुन्हा खुणा केल्या. भाचीच्या बुटावर दोन केल्या. असंच, माया म्हणून.

५

मंगळवारी सकाळी तिने दारात उभं राहून मोजलं. दोघे सुतार भाऊ. खोकलेवाले काका. ते गप्प गप्प जोडपं. शीळ घालणारी नर्स. लाल मफलर, आणि तिच्यामागे डुलत डुलत गोगलगाय. वळणावर भाचीने मागे बघून हात हलवला. मावशीने फळ्यावर आकडा टाकला.

"मास्तर, आठ सोडले. शेवटचे आठ. त्यातली एक माझी आहे."

दिवसभर तिने खाटा आवरल्या, चादरी वाळत घातल्या, खिडक्यांना आतून कड्या घातल्या. दर अर्ध्या तासाने घड्याळ बघितलं. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकून पिणार. चारला फोन वाजला.

"आठ पोचले," मास्तर म्हणाले. "बरोबर!"

मावशीचा जीव भांड्यात पडला. "देव पावला. ठेवते मग," ती म्हणाली. आणि तिने ठेवला नाही. काहीतरी राहिलं होतं. मास्तर रविवारपासून जे वाक्य म्हणायचे, ते आज म्हणाले नव्हते.

"मास्तर, वजा करून आठ की न करता?"

"आज वजा करायची वेळच आली नाही! आठच जोड्या, आठच माणसं. म्हटलं, गेला एकदाचा पाहुणा."

मावशी भिंतीला टेकली. पाहुणा गेला असेल तर ठीक. पण गेला नसेल तर तिची सातच पोचली होती. गेले सात दिवस त्याने एकदाही दांडी मारली नव्हती.

"नावानिशी सांगा. म्हणजे, जे काय म्हणतात ते सांगा."

मास्तरांनी खोलीकडे बघत एकेक सांगितलं. सुतार दोघे. काका. जोडपं. नर्स. मफलर. "आणि तुमची ती खिडकीपाशी बसलीय. पाठमोरी. ती भलीमोठी पिशवी शेजारी आहे."

"मफलरला विचारा, ती बरोबर होती का."

पलीकडे कुजबुज झाली. "ती म्हणते, पूर्ण वाट माझ्यामागेच होती. वळून नाही बघितलं, पण पावलं ऐकू येत होती. एकसारखी."

भाचीची पावलं एकसारखी कधीच पडत नसत. ती फुलं बघत, नाक शिंकरत, अडखळत चालायची.

"तिला फोनवर बोलवा."

मास्तरांनी हाक मारली. फरशीवर अनवाणी पावलं वाजली, सावकाश. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. आधी नुसता श्वास, मग एक बाईचा आवाज, अगदी कानाशी.

"पोचले, मावशी."

मावशीने फळ्यावरच्या आकड्याकडे बघितलं.

"मोजलंत ना?" आवाज म्हणाला.

६

फौजदारांना तिने फोन केला. ते म्हणाले, "आठ गेले, आठ आले, मग हरवलं कोण?" तिने त्यांना अशी शिवी हासडली की वसतिगृहातल्या कुठल्याही मुलीने ती मेट्रनच्या तोंडून ऐकली नसेल. काठी घेतली, दोरी घेतली आणि निघाली.

खाण तासाभरावर होती. उन्हं कलली होती, पण उजेड भरपूर होता. मावशी भराभर चालत होती आणि मनातल्या मनात स्वतःला ओरबाडत होती. वजा करा म्हणून सांगितलं कुणी? तिनेच. दुसऱ्यांदा तिनेच म्हटलं होतं, 'गेली असेल पुढे.' फक्त या वेळी आकड्यात म्हटलं होतं.

खाणीच्या काठावर उभं राहून तिने भाचीला हाक मारली. गोगलगाय म्हणून नव्हे. तिच्या खऱ्या नावाने, तीनदा. त्या वाटेवर नाव घ्यायचं नसतं, आणि आपणही इथे घेत नाही. पण दगडांनी ते नाव तीनदा परत केलं, आणि चौथ्यांदा खालून कुणीतरी म्हणालं, "माऊ?"

पंधरा-वीस फूट खाली एका कपारीत ती बसली होती. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, ओठ सुकलेले. मावशीने वरच्या झाडाला दोरी बांधली आणि तिच्या आधाराने, बसत घसरत, खाली उतरली. वयाचं भान नंतर आलं. तिने पोरीला असं पोटाशी धरलं की ती कळवळली.

"मफलर पुढे गेली. बूट सैल झाला म्हणून मी वाकले. मागून कुणीतरी पिशवी ओढली. हेल्मेट होतं त्याच्या डोक्यावर. मी घसरले, तो पिशवी टाकून माझ्यामागे खाली उतरायला लागला." भाचीचे दात वाजत होते. "मग एकदम थांबला. माझ्या मागे बघितलं त्याने, माऊ. आणि लहान मुलासारखा ओरडत पळाला."

"मागे काय होतं?"

"माझ्या मागे खाणीची भिंत होती." भाचीने डोळे मिटले. "तिथून एक बाई म्हणाली, वळू नकोस. आवाज चांगला होता गं. म्हणाली, बसून राहा, मी पुढे जाऊन सांगते. मला पोचायचंच आहे."

मावशीने भाचीच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. दगड होता, ओलसर, शेवाळलेला. त्याच्या पायथ्याशी दगडांच्या ढिगात एक अरुंद काळी फट होती. तिच्यातून दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर आलं होतं. माती झटकली असती तर रंग कळला असता. आयुष्यभर दुसऱ्याच्या खिडकीत डोकावणाऱ्या मावशीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"चल," ती म्हणाली. "आधी घरी."

७

दोरी धरून, बसत सरकत दोघी कशाबशा वर आल्या. परतायला दोन तास लागले. मावशीचा खांदा, काठी आणि एक पाय, असं करत दोघी चालल्या. दोघींपैकी कुणीही मागे वळून बघितलं नाही, आणि का बघितलं नाही हेही एकमेकींना विचारलं नाही. मुक्कामाचा दिवा दिसला तेव्हा सांज होत होती.

दाराशी भाचीचा एक बूट कसाबसा निघाला, दुसरा मावशीने नाडी कापून काढला. तिने दोन्ही मांडणीवर ठेवले, शेजारी आपले ठेवले. मग भाचीला खाटेवर झोपवलं, घोट्याला थंड पट्टी बांधली, बहिणीला फोन केला आणि दोघी बहिणी दोन्हीकडून रडल्या. फौजदारांना सांगितलं, सकाळी माणसं घेऊन या, खाणीतला एक ढीग उपसायचाय. या वेळी त्यांनी तक्रार कसली, असं विचारलं नाही. सगळ्यात शेवटी मास्तर.

"सापडली, मास्तर. पायावर निभावलं."

मास्तरांचा सुस्कारा लांबवर ऐकू आला. "मावशीबाई, इथे पिशवी तेवढी आहे. फोन माझ्या हातात देऊन ती दाराकडे गेली, मी बघतच राहिलो. आता जोड्या सातच आहेत. कुठे गेली असेल?"

मावशीने खाटेवरच्या भाचीकडे बघितलं.

"बरं, तिकडे किती पोचले?" मास्तरांनी विचारलं. सवयच ती, दोन वर्षांची.

'दोन' तिच्या ओठांवर आलं होतं. फोनची तार लांब होती. ती दारापर्यंत गेली आणि मांडणीकडे बघितलं. भाचीचे बूट होते, एकाची नाडी कापलेली. तिचे स्वतःचे होते. आणि खालच्या फळीवर, टोकं आतल्या बाजूला करून, नीट जुळवून ठेवलेली आणखी एक जोडी होती. चिखल वाळून पांढरा पडला होता. एका बुटात पांढरी नाडी होती आणि एकात निळी.

तिला खूप भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"तीन," ती म्हणाली.

पलीकडे मास्तरांच्या फळ्यावर खडू घासल्याचा आवाज आला.

"माऊ, गार वारा येतोय," आतून भाची म्हणाली. "दार लाव ना."

"लावते," मावशी म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "आधी तिला आत येऊ दे."